सियागंजातील टी-शर्ट : छपाईची पद्धत निवडताना



इंदूरच्या रेल्वे स्थानकापासून थोड्याच अंतरावर सियागंज ही बाजारपेठ आहे. किराणा मालाच्या घाऊक व्यापाराकरिता ती सर्व माळव्यात प्रसिद्ध आहे. मिरची-धण्याचा उग्र दरवळ, सुक्या मेव्याची खोकी, माल भरलेल्या हातगाड्या आणि पाठीवर पोते घेऊन गर्दीतून वाट काढणारे हमाल हे तेथील नित्याचे दृश्य होय. इंदूर आज मध्य प्रदेशात असले तरी मराठी माणसास ते परके नाही. १८१८ पासून होळकर संस्थानची राजधानी राहिलेल्या या नगरीत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेली आहेत. कापडाच्या व्यवसायाचीही तेथे जुनी परंपरा आहे. महेश्वरच्या विणकामास अहिल्याबाईंचा आश्रय लाभला. विसाव्या शतकात इंदूरच्या गिरण्यांनी हजारो कामगारांना रोजगार दिला. महाराजा तुकोजीराव यांच्या नावाची कापडपेठ तर आजही गजबजलेली असते. गिरण्यांचे भोंगे थांबले. परंतु अनंत चतुर्दशीच्या रात्री निघणाऱ्या गिरणी कामगारांच्या देखाव्यांची मिरवणूक मात्र थांबलेली नाही.

या पार्श्वभूमीवर एका लहान, पण अनेक तरुणांच्या पोटाशी निगडित असलेल्या उद्योगाचा विचार येथे करावयाचा आहे. तो म्हणजे ग्राहकाच्या मागणीनुसार टी-शर्टवर नाव, चिन्ह वा चित्र छापून देण्याचा उद्योग. होजिअरीचे कोरे टी-शर्ट तिरुप्पूर वा लुधियानाहून येतात आणि छपाई गावोगावी होते. भांडवल थोडे, जागा थोडी, शिक्षण थोडे लागते, असा या धंद्याचा लौकिक असल्यामुळे सुशिक्षित बेकार तरुण आणि महिला बचत गट त्याकडे वळतात. यंत्र कोणते घ्यावे, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. वस्तुतः तो दुसरा प्रश्न असावयास हवा. कापड कोणते, नग किती, रंग किती आणि तो टी-शर्ट अंगावर घालून माणूस करणार काय, हा पहिला.

हे स्पष्ट होण्यासाठी एका काल्पनिक मागणीचे उदाहरण घेऊ. समजा, सियागंजातील एका मसाल्याच्या व्यापाऱ्याने एका होतकरू तरुणाकडे चार प्रकारचे काम एकाच वेळी सोपविले. हमाल, हातगाडीवाले व वाहनचालक यांच्यासाठी गडद निळ्या सुती कापडाचे ३०० टी-शर्ट, त्यांवर तीन रंगांतील छाप. फिरत्या विक्रेत्यांसाठी १२ टी-शर्ट, त्यांवर मसाल्याच्या पुड्याचे हुबेहूब रंगीत छायाचित्र. पेढीच्या क्रिकेट संघासाठी पॉलिएस्टर कापडाचे १५ टी-शर्ट, प्रत्येकावर निराळे नाव व क्रमांक. आणि रंगपंचमीच्या गेरसाठी १०० पांढरे टी-शर्ट. राजवाड्याच्या परिसरातून जाणाऱ्या त्या रंगोत्सवात घातलेला शर्ट पुन्हा अंगावर चढण्याची शक्यता कमीच! तरुणापाशी एकच यंत्र आहे, तेही कर्जाऊ. चारही कामे त्याच यंत्रावर उरकण्याचा मोह त्याला होणे स्वाभाविक आहे. आणि नुकसानीची सुरुवात नेमकी तेथे होते.

कोणत्याही छपाईत रंग एक तर धाग्यात शिरतो किंवा धाग्यावर बसतो. हा भेद समजून घेण्यासाठी इंदूरपासून फार दूर जावे लागत नाही. शेजारच्या धार जिल्ह्यातील बाग या गावी खत्री कारागीर लाकडी ठशांनी कापड छापतात. तुरटी आणि लोहक्षार यांत चिंचोक्याची खळ मिसळून तो लेप ठशाने कापडावर उमटवितात. पुढे नदीच्या वाहत्या पाण्यात कापड धुऊन ॲलिझरिन व धावडीची फुले घातलेल्या पाण्यात उकळतात. तेव्हा तुरटीच्या जागी लाल आणि लोहाच्या जागी काळा रंग धाग्याशी एकजीव होतो. अशा कापडावरून हात फिरविला तर छाप हाताला लागत नाही. तो खरवडून निघत नाही, त्यास भेगाही पडत नाहीत. बाजारातील बहुतेक टी-शर्टांवरील छाप याउलट कापडाच्या पृष्ठावर चिकटलेला असतो. पृष्ठावर बसणारा रंग वाईट, असे मात्र समजू नये. गडद कापडावर पांढरे अक्षर उठून दिसावयास हवे असेल तर वरून थर देणे हाच बहुधा सोयीचा मार्ग असतो. मात्र तो थर किती जाड, किती लवचीक आणि कितपत भाजलेला आहे, यावर त्याचे आयुष्य अवलंबून राहते.

आता ३०० टी-शर्टांचे मोठे काम पाहू. त्यास स्क्रीन छपाई ही जुनी पद्धतच योग्य. मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन यांनी १९०७ मध्ये रेशमी जाळीतून छापण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. आज जाळी पॉलिएस्टरची असते, तत्त्व तेच आहे. चौकटीवर ताणलेल्या जाळीस प्रकाशाने कडक होणारे रसायन लावतात, त्यावर चित्राची फिल्म ठेवून प्रकाश देतात, आणि काळ्या भागाखालचे न कडकलेले रसायन पाण्याने धुऊन काढतात. त्या मोकळ्या जाळीतून रबरी पट्टीने रंग खाली ओढला जातो. प्रत्येक रंगास स्वतंत्र चौकट लागते. गडद कापडावर तर तळाशी पांढरा थर द्यावा लागतो. पांढरा हा छापातील तीन रंगांपैकी एक नसेल तर चौथी चौकट येते. जाळी किती बारीक घ्यावयाची, यालाही महत्त्व आहे. गडद कापडावर पांढऱ्याचा भरपूर थर देण्यासाठी सेंटीमीटरला ४३ धाग्यांच्या आसपासची जाळी वापरतात. बारीक ठिपक्यांच्या कामास याहून पुष्कळ बारीक जाळी हवी.

या पद्धतीत रंगाची निवड ही आणखी एक निवड आहे. पाण्यावर आधारलेला पिगमेंट रंग मऊ बसतो, अंगाला टोचत नाही. पण माळव्यातील वा खानदेशातील मे महिन्याच्या कोरड्या उन्हाळ्यात तो जाळीतच सुकतो आणि छिद्रे बंद करतो. दुपारी काम थांबवून जाळी धुण्याची वेळ अनेकांवर येते, ती यामुळे. प्लास्टिसोल हा रंग जाळीत सुकत नाही. मात्र तो आपोआप वाळतही नाही. त्याच्या संपूर्ण थरास सुमारे १६० अंश सेल्सिअस उष्णता मिळाल्याखेरीज तो पक्का होत नाही. वरचा पापुद्रा हाताला कोरडा लागला की काम झाले, असे समजून घडी घालणारे पुष्कळ असतात. तोच छाप तिसऱ्या धुण्यास भेगाळतो. थंड झालेला छाप दोन्ही हातांनी ताणून पाहावा. ताणल्यावर तडकला तर भट्टीची वेळ किंवा उष्णता कमी पडली, हे ओळखावे.

हमालांच्या टी-शर्टाबाबत एक गोष्ट यंत्राच्या माहितीपत्रकात सापडणार नाही. हमाल पोते पाठीवर घेतो. तागाचा खरबरीत पृष्ठभाग दिवसभर खांद्यावर व पाठीवर घासत राहतो, त्यात घाम आणि मिरचीची धूळ मिसळते, आणि शर्ट रोज धुतला जातो. व्यापाऱ्यास आपले नाव पाठीवर मोठ्या अक्षरांत हवे असते, कारण गर्दीत पाठच दिसते. पण पाठीवर छापलेला जाड थर त्या घर्षणाने लवकर झिजतो आणि तोवर हवाही अडवून धरतो. अंगमेहनतीच्या माणसाला पाठभर रबरी थर नेसवणे हे गैरसोयीचेच नव्हे, तर काहीसे निर्दयपणाचेही आहे. येथे छपाई करणाऱ्याने ग्राहकास स्पष्ट सांगावे, की छाप छातीवर घ्या. पाठीवर हवाच असेल तर मानेखाली लहान अक्षरांत, मऊ रंगात घ्या. ज्या सल्ल्याने मागणी किंचित घटते, त्याच सल्ल्याने ग्राहक पुढच्या वर्षी परत येतो.

विक्रेत्यांच्या १२ टी-शर्टांचे गणित निराळे. तेथे छायाचित्रातील असंख्य रंगछटा हव्यात आणि नग मोजकेच. अशा कामासाठी अलीकडे डायरेक्ट टू फिल्म, म्हणजे डीटीएफ, ही पद्धत सर्वत्र पसरली आहे. तीत चित्र प्रथम एका पारदर्शक फिल्मवर उलटे छापतात, त्यावर पांढऱ्या शाईचा थर देतात, ओल्या शाईवर चिकट भुकटी भुरभुरवून ती वितळवितात, आणि ती फिल्म टी-शर्टवर ठेवून उष्ण दाबयंत्राखाली साधारणतः १५० ते १६० अंशांवर १० ते १५ सेकंद दाबतात. सुती, पॉलिएस्टर, मिश्र, गडद, फिके असे कोणतेही कापड तीस चालते, हा तिचा मोठा गुण. छाप मात्र पातळ पापुद्र्यासारखा वर बसतो. मोठा ठोकळा छापल्यास तो अंगावर कागदासारखा जाणवतो. म्हणून चित्रात मोकळ्या जागा ठेवाव्यात, चौकोनी पार्श्वभूमी काढून टाकावी.

दोन्ही पद्धतींच्या खर्चाची तुलना आकड्यांनी पटकन लक्षात येते. पुढील दर केवळ समजुतीसाठी घेतले आहेत, ते बाजारभाव नव्हेत. समजा, तीन रंगांच्या छापासाठी स्क्रीनच्या चौकटी तयार करण्यास एकूण १,२०० रुपये आणि प्रत्येक नगास छपाईचे १५ रुपये पडतात. तोच छाप डीटीएफने प्रत्येक नगास ४५ रुपयांत होतो, चौकटीचा खर्च नाही. १२ नगांस स्क्रीनने १,३८० रुपये, डीटीएफने ५४० रुपये. ४० नगांस दोहोंचा खर्च सारखाच, १,८०० रुपये. ३०० नगांस मात्र स्क्रीनने ५,७०० आणि डीटीएफने १३,५०० रुपये होतात. प्रत्येकाने आपल्या गावचे दर घालून हा ४० चा आकडा स्वतः काढावा. तो आकडा भिंतीवर लिहून ठेवणारा मनुष्य कोणत्याही यंत्रविक्रेत्याच्या गोड बोलण्यास सहसा भुलत नाही. चौकटी पुसून न टाकता जपून ठेवल्या तर दुसऱ्या वर्षीच्या त्याच मागणीस त्यांचा खर्च जवळजवळ वाचतो, हेही हिशोबात धरावे.

सुती कापडावर शाईचे फवारे थेट मारणारी डायरेक्ट टू गारमेंट, अर्थात डीटीजी, ही पद्धत मऊ व सुबक छाप देते; परंतु गडद कापडास आधी द्रावण लावावे लागते आणि यंत्र महाग पडते. लहान गावातील नवोदिताने तूर्त तिचा मोह धरू नये.

क्रिकेट संघाच्या पॉलिएस्टर शर्टांकडे वळू. येथे सब्लिमेशन ही पद्धत शोभून दिसते. कागदावर छापलेला विशिष्ट रंग सुमारे २०० अंश उष्णतेस वायुरूप होतो आणि पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरून तेथेच स्थिरावतो. छाप हाताला लागत नाही, भेगाळत नाही, घाम अडवीत नाही. बागच्या छपाईतील गुण वेगळ्या मार्गाने येथे साधला जातो. परंतु या रंगात पांढरा नसतो. म्हणून कापड पांढरे किंवा अगदी फिके हवे. आणि सुती धाग्यास हा रंग धरत नाही. पहिल्याच धुण्यात चित्र विटते. फसगत होते ती कापडाच्या जातीबद्दल. गठ्ठ्यावर सुती असे लिहिलेले असले तरी कडेचा एक धागा काढून जाळून पाहावा. सुती धाग्याची कागद जळाल्यासारखा वास येऊन राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. मिश्र कापडात दोन्ही लक्षणे दिसतात. संघाचे शर्ट गडद लाल पॉलिएस्टरचे असतील आणि त्यांवर साध्या पांढऱ्या प्लास्टिसोलने क्रमांक छापला, तर भट्टीच्या उष्णतेने कापडातील लाल रंग वर चढून पांढरा आकडा गुलाबी होतो, प्रसंगी दोन दिवसांनीसुद्धा. त्यासाठी कमी उष्णतेचे, रंग रोखून धरणारे खास रंग मिळतात. निव्वळ नावे व क्रमांक असतील तर व्हिनाइलची कापीव अक्षरेही चालतात.

गेरच्या १०० पांढऱ्या टी-शर्टांवर एकाच रंगाची स्क्रीन छपाई पुरे. जे दुपारी रंगात बुडणार, त्यावर किमती शाई खर्च करणे व्यर्थ आहे.

मराठी व हिंदी मजकुराच्या छपाईस एक स्वतंत्र दक्षता लागते. देवनागरीतील अनुस्वाराचा ठिपका, रफार आणि बारीक शिरोरेखा हे जाड जाळीत प्रथम बळी पडतात. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ शक्यतो ठेवू नये. ग्राहकाने भ्रमणध्वनीवरून पाठविलेले धूसर चित्र मोठे करून छापण्यापेक्षा अक्षरे नव्याने जुळवावीत, आणि ती दुसऱ्या संगणकावर पाठविण्यापूर्वी त्यांचे रेषाकृतीत रूपांतर करावे. अन्यथा तेथे तो टंक नसल्यास जोडाक्षरे फुटतात व वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात. शहराचे नाव मराठीत इंदूर आणि हिंदीत इंदौर असे लिहिले जाते. सियागंजातील ग्राहकास कोणते रूप हवे, हे विचारून घेतले नाही तर ३०० शर्टांवरची मात्रा कोण बदलणार? यास्तव मजकुराच्या अंतिम कागदावर ग्राहकाची सही घ्यावी, मग तो कितीही घरोब्याचा असो.

काय छापू नये, याचेही भान हवे. भारताच्या राजचिन्हाच्या अनुचित वापरास २००५ च्या अधिनियमाने मनाई आहे. चित्रपटांतील चित्रे, क्रीडासंघांची वा कंपन्यांची चिन्हे परवानगीवाचून छापून विकणे हे १९५७ चा स्वामित्व हक्क कायदा आणि १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा यांखाली अंगलट येऊ शकते. ग्राहकाने आणून दिले म्हणून छापले, हे उत्तर तेथे पुरत नाही.

आता यंत्राचा व कर्जाचा प्रश्न. केंद्र शासनाचा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ पासून, आणि महाराष्ट्रात मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून राबविला जात आहे. केंद्राच्या कार्यक्रमात प्रवर्ग व क्षेत्र यांनुसार प्रकल्प खर्चाच्या १५ ते ३५ टक्के अनुदान मिळते. तथापि ते रोख हाती येत नाही. बँकेत लाभार्थीच्या नावे तीन वर्षे मुदत ठेवीत राहते आणि त्यानंतर कर्जात वळते केले जाते. हप्ता मात्र त्याआधीच सुरू होतो. ही वस्तुस्थिती ध्यानी न घेता अनुदान म्हणजे सवलतीतले यंत्र, असा समज करून डीटीएफचा छपाई संच घेणाऱ्यास पहिल्या पावसाळ्यातच घाम फुटतो. त्या यंत्रातील पांढऱ्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइडचे जड कण असतात. यंत्र रोज चालले नाही तर ते खाली बसतात आणि छपाईचे तोंड बुजते. ते बदलणे खर्चाचे असते. दमट हवेत भुकटीचे गोळे होतात, सुती टी-शर्ट ओलावा धरून ठेवतात आणि छाप नीट चिकटत नाही. म्हणून पावसाळ्यात कोरा शर्ट आधी काही सेकंद दाबून वाफ काढून घ्यावी लागते.

अशा स्थितीत सुज्ञ क्रम असा दिसतो. प्रथम केवळ एक चांगले उष्ण दाबयंत्र घ्यावे आणि छापील फिल्म इंदूर, पुणे, सुरत अशा मोठ्या शहरांतील तयार व्यावसायिकांकडून मागवावी. ती रुंदी-लांबीच्या मापाने मिळत असल्याने मोठ्या चित्रांच्या मोकळ्या कोपऱ्यांत लहान छाप बसवून घेतले तर तेवढाच खर्च वाचतो. दुसऱ्या पायरीवर, नगांची मागणी वाढल्यावर, स्क्रीनच्या चौकटी, फिरते टेबल व सुकविण्याची भट्टी घ्यावी. फिल्म छापण्याचे यंत्र विकत घेण्याचा विचार, ते रोज चालेल इतके काम सलग काही महिने बाहेर छापून घ्यावे लागले, तरच करावा. महिला बचत गटांच्या बाबतीत हे विशेषच सांगावेसे वाटते. कारण तेथे बुडणारा पैसा एकीचा नसतो.

चौकटी धुतलेले पाणी आणि उरलेला रंग गटारात सोडू नये. कान्ह व सरस्वती या नद्यांना मिळणारी सांडपाण्याची तोंडे बंद करण्यासाठी इंदूरने मोठे कष्ट घेतले, आणि २०२१ मध्ये देशातील पहिले वॉटर प्लस शहर हा मान त्या नगरीस मिळाला. प्लास्टिसोल तर पाण्यात विरघळतच नाही. जाळीवरचा रंग आधी खरवडून डब्यात परत घालावा, उरलेला चिंधीने पुसावा, आणि धुण्याचे पाणी गाळ खाली बसू देऊन योग्य त्या व्यवस्थेत सोडावे.

काल्पनिक उदाहरणातील तरुणाने आपले दाबयंत्र तेवढे स्वतः चालवून १२ विक्रेत्यांचे शर्ट बाहेरून आणलेल्या फिल्मवर केले, क्रिकेटचे १५ शर्ट सब्लिमेशनवाल्याकडून आणि उरलेले ४०० स्क्रीनवाल्याकडून छापून घेतले, तरी मजुरीतला काही हिस्सा त्याच्या हाती राहतो आणि ग्राहकही त्याचाच राहतो. मात्र घाऊक छपाईस हात लावण्यापूर्वी प्रत्येक प्रकारचा एक नमुना छापून घ्यावा. तो एक दिवस तसाच ठेवावा, मग उलटा करून पाच वेळा धुवावा, ताणून पाहावा, हमालाच्या शर्टाचा नमुना असेल तर पोत्याच्या तुकड्याने घासून पाहावा. ग्राहकास तो दाखवून त्यावर त्याची सही घ्यावी, आणि शेवटची रक्कम जमा होईपर्यंत तो नमुना दुकानात जपून ठेवावा.